चोवीस क्लिक

सांगलीच्या एका भूलतज्ज्ञाकडून घेतली मी ही गाडी.
दोन दारांची, दोनच माणसांची,
मागच्या चाकांनी रेटत नेणारी.
कधीकाळी लाल होती म्हणे, आता वाळल्या मिरचीची.
सरळ रस्त्यावर कुणाच्या बापाचं ऐकत नाही,
वळणावर मात्र
जेवणावळीतून उठलेल्या पाहुण्यासारखी
एका अंगावर कलते.

तीन महिने कॅटलॉग वाचले.
शिरोलीत, फाउंड्रीच्या लॅबमध्ये,
डब्याशेजारी स्प्रिंगांचे आकडे मांडून:
कोणती किती किलोला किती दबते,
गाडी चाळीस मिलिमीटर खाली कशी बसेल,
आणि डँपर चोवीस क्लिकचे,
हवे तेवढे कडक करा.
पुण्याच्या दुकानदाराला फोनवर म्हटलं,
"उद्या पैसे पाठवतो."
तो अदबीने म्हणाला, "चालेल सर."
आमच्याकडे बायकाही येतो-जातो म्हणतात
हे त्याला कोण सांगत बसणार.
मी सरच राहिलो.

उद्यमनगरात दस्तगीर नदाफांनी माझी यादी
ग्रीस न लागलेल्या करंगळीने खालपर्यंत वाचली.
हसले नाहीत.
पाठीवर सरकत गाडीखाली गेले,
फक्त चपला बाहेर,
आणि खालून आवाज आला,
"हिला काय दुखतंय, विचारलंस काय?"

पहारीच्या टोकाने बुश हलवून दाखवला.
बावीस वर्षांचं रबर,
शिळ्या भाकरीसारखं कडेनं चिरलेलं.
मी स्टिअरिंग फिरवायची एकीकडे,
चाक आपलं विचार करून मग वळायचं.
"पयला ह्ये. मग डँपर, घे तुझं चोवीसवालं.
मागचा रोल बार एक नंबर जाड.
स्प्रिंग हाय ती ऱ्हाऊ दे."
"पण कडक नको का?"
"तुला वाघबिळाला जायाचंय का कॅरमवर?"

घरी आले ती चिडूनच.
दोन वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे होते ते,
आणि हा माणूस मला रबर विकत घ्यायला सांगतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा एक ब्रॅकेट आला तपासायला.
हार्डनेसचा काटा असा चढला
की ट्रेनी पोरगा म्हणाला, मॅडम, लई भारी माल.
मी हातोडी मारली.
एका घावात दोन तुकडे,
फुटलेली कड पांढरीशुभ्र, साखरेसारखी.
वहीत 'रिजेक्ट' लिहिलं
आणि पेन तसंच धरून
खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले.
मग पुण्याला फोन.
"स्प्रिंग रद्द करा."
"नक्की ना सर?"
"नक्की."

रविवारी पहाटे वाघबीळ.
शेजारी दस्तगीरमामा, मांडीवर चहाचा थर्मास.
उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून दाबून
वळणाच्या ऐन मध्ये डांबराची एक वरंबी उठवलीय,
तिथे आधी मागची चाकं उडायची
आणि माझ्या पोटात लिफ्ट तुटायची.
आज गाडी कलली. कलली,
आणि तेवढ्यावर थांबली.
वरंबीवर चाक चढलं, उतरलं,
मी हात हलवला नाही.
मामांनी थर्मासचं झाकण उघडलं,
चालू वळणात ओतला अर्धा कप,
स्वतःच प्याले.
"नऊ क्लिकवर हाय," म्हणाले. "बास झालं."

उरलेल्या पंधरांचं काय करायचं
हे मी विचारलं नाही.

परवा रात्री, बोळात कुणी नसताना,
बॉनेट उघडून, मोबाइल दातांत धरून
मी हळूच वाढवले. दोन.
दोन्ही बाजूंना दोन-दोन.
सकाळी रंकाळ्याच्या स्पीडब्रेकरवर
डब्यातला रस्सा पिशवीत सांडला.

उद्यमनगरात शिरले तेव्हा मामा दुसऱ्याच गाडीखाली होते,
दिसत होत्या फक्त चपला.
दारातल्या गटारीवरून माझी चाकं गेली.
ते बाहेर आले नाहीत.
गाडीखालून एक हात आला,
त्यात स्क्रूड्रायव्हर.